चंद्राच्या खळ्याचे छायाचित्रण

चंद्राचे खळे म्हणजे उंच आकाशातील बर्फाच्या स्फटिकांमधून जाताना चंद्रप्रकाशाचे अपवर्तन होऊन चंद्राभोवती दिसणारे प्रकाशाचे वर्तुळ होय. या वर्तुळाची व त्याच्याशी संबंधित कंसांची कॅमेऱ्याच्या साहाय्याने नोंद करणे यास चंद्राच्या खळ्याचे छायाचित्रण म्हणतात. हे छायाचित्रण खगोलीय छायाचित्रण आणि हवामान निरीक्षण या दोहोंच्या सीमेवर येते. ज्याचे चित्र घ्यायचे ते खळे पृथ्वीच्या वातावरणात तयार होते. त्याला उजळणारा प्रकाश मात्र चंद्राचा असतो.

दीर्घ एक्स्पोजरमुळे कॅमेऱ्यात डोळ्यांना न जाणवणारे रंग आणि फिकट कंस उमटतात. त्याचबरोबर लेन्समधील परावर्तने, अतिप्रकाशित झालेले चंद्रबिंब आणि नंतरचे संगणकीय संस्करण यांमुळे आकाशात प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टीही चित्रात येऊ शकतात. त्यामुळे खळ्याचे छायाचित्र निरीक्षणाची नोंद म्हणून ग्राह्य धरायचे असल्यास ते कसे घेतले, हे माहीत असणे आवश्यक ठरते.

## नाव

मराठीत ‘खळे’ या शब्दाचा मूळ अर्थ धान्याची मळणी करण्यासाठी सारवून तयार केलेली वर्तुळाकार जागा असा आहे. तिच्या मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती बैल फिरवले जातात. मध्ये चंद्र आणि भोवती वर्तुळ अशा देखाव्यालाही हेच नाव असून ‘चंद्राला खळे पडणे’ असा वाक्प्रयोग रूढ आहे. संस्कृतमध्ये यासाठी ‘परिवेष’ हा शब्द आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या सहाव्या शतकातील ग्रंथात परिवेषाच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे.

## निर्मिती

खळे बहुधा सिरोस्ट्रेटस, म्हणजेच तंतुस्तर मेघांच्या पातळ व विस्तीर्ण पडद्यामुळे पडते. उष्ण कटिबंधात असे उंचावरील मेघ साधारणतः ६ ते १८ किलोमीटर उंचीवर आढळतात. तेथील तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली असते. त्यामुळे जमिनीवर उन्हाळ्याचा उकाडा असतानाही बर्फाच्या स्फटिकांचे खळे दिसू शकते.

हे स्फटिक षट्कोनी असतात. षट्कोनी स्फटिकाच्या एका बाजूने आत शिरून एकाआड एक असलेल्या बाजूने बाहेर पडणाऱ्या किरणाला तो स्फटिक ६०° कोनाच्या लोलकासारखा असतो. बर्फाचा अपवर्तनांक सुमारे १.३१ असल्यामुळे अशा लोलकातून जाणारा किरण कमीत कमी सुमारे २२° वळतो. सर्व दिशांना तोंड करून असलेल्या असंख्य स्फटिकांमधून येणारा प्रकाश या किमान कोनाजवळ एकवटतो आणि चंद्रापासून २२° त्रिज्येचे तेजस्वी वर्तुळ दिसते. यापेक्षा कमी कोनातून या मार्गाने प्रकाश येत नसल्याने वर्तुळाच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा काळसर भासते. तांबडा प्रकाश सर्वांत कमी वळतो, म्हणून खळ्याची आतली कड तांबूस असते. बाहेरच्या बाजूला रंग एकमेकांत मिसळून पांढुरके होत जातात.

स्फटिकाची बाजू आणि त्याचे सपाट टोक यांच्यातील कोन ९०° असतो. त्या मार्गाने जाणारा प्रकाश किमान सुमारे ४६° वळतो आणि त्यातून ४६° त्रिज्येचे दुसरे, अधिक फिकट खळे तयार होते. चंद्रप्रकाशात ते क्वचितच दिसते.

### संबंधित आविष्कार

- प्रतिचंद्र : आडव्या तरंगणाऱ्या पातळ, तबकडीसारख्या स्फटिकांमुळे चंद्राच्या डाव्या व उजव्या बाजूस, त्याच्याच उंचीवर दिसणारे तेजस्वी ठिपके. चंद्र क्षितिजाजवळ असताना ते २२° च्या खळ्यावरच असतात. चंद्र जसजसा वर चढतो तसतसे ते खळ्याबाहेर सरकतात. चंद्राची उंची सुमारे ६१° हून अधिक झाल्यावर ते तयार होत नाहीत.
- स्पर्शकंस : आडव्या पडलेल्या स्तंभाकार स्फटिकांमुळे खळ्याच्या वरच्या व खालच्या टोकाला स्पर्श करणारे कंस. चंद्र सुमारे २९° हून वर गेल्यावर हे दोन्ही कंस जोडले जाऊन खळ्याभोवती एक लांबट वलय तयार होते.
- प्रतिचंद्र वर्तुळ : स्फटिकांच्या उभ्या पृष्ठभागांवरून प्रकाश परावर्तित झाल्याने चंद्रातून जाणारे, क्षितिजाला समांतर असे पांढरे वर्तुळ.
- खमध्य कंस : डोक्यावरील बिंदूभोवतीचा रंगीत कंस. चंद्र सुमारे ३२° हून खाली असतानाच तो संभवतो.

### तेजोवलयाशी होणारी गल्लत

चंद्राला अगदी लगटून दिसणारे काही अंश त्रिज्येचे रंगीत कडे म्हणजे खळे नव्हे. ते तेजोवलय असून बहुधा पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे होणाऱ्या विवर्तनातून तयार होते. खळ्यात तांबडा रंग आतल्या कडेला, तर तेजोवलयात तो बाहेरच्या कडेला असतो. खळ्याची त्रिज्या ठरलेली असते. तेजोवलयाची त्रिज्या थेंबांच्या आकारानुसार बदलते. छायाचित्रात आकारमानाचा अंदाज चुकू शकतो, परंतु रंगांचा क्रम पाहून दोहोंतील भेद करता येतो.

## इतिहास

२२° च्या खळ्याचे ६०° लोलकाच्या आधारे स्पष्टीकरण फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एद्म मारियॉत यांनी सतराव्या शतकात दिले. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी आणि नंतरही बराच काळ खळ्यांच्या नोंदी रेखाचित्रांच्या रूपातच होत असत. चंद्राच्या खळ्यांबाबत तर हे विशेषत्वाने खरे आहे, कारण त्यांचा मंद प्रकाश जुन्या छायाचित्रण काचांना पुरेसा नसे.

रॉबर्ट स्कॉट यांच्या नेतृत्वाखालील टेरा नोव्हा या अंटार्क्टिका मोहिमेत (१९१०–१३) हर्बर्ट पाँटिंग हे व्यावसायिक छायाचित्रकार सहभागी होते. तरीही त्या मोहिमेतील चंद्राच्या खळ्याची प्रसिद्ध नोंद एका जलरंगचित्राच्या रूपात आहे. मोहिमेतील डॉक्टर व निसर्गअभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी जून १९११ मध्ये केप इव्हान्स येथे दिसलेले खळे व प्रतिचंद्र चितारले. उघड्यावरील थंडीत जलरंग गोठत असल्याने विल्सन बाहेर पेन्सिलीने रेखाटन करून त्यावर रंगांची नावे लिहीत आणि चित्र नंतर निवाऱ्यात पूर्ण करीत. दृश्य पाहताच ते शब्दांत व रेषांत टिपून ठेवण्याची ही पद्धत आजच्या छायाचित्रकारालाही उपयोगी आहे, कारण कॅमेऱ्याने दाखवलेले रंग आणि डोळ्यांना दिसलेले रंग यांत फरक असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ग्रीनलर आणि वॉल्टर टेप यांच्या ग्रंथांनी छायाचित्रे व संगणकीय प्रतिरूपे यांची तुलना करण्याची पद्धत रूढ केली. लेस काउली आणि मायकेल श्रोडर यांनी तयार केलेल्या ‘हॅलोसिम’ या संगणकप्रणालीत स्फटिकांचा आकार, त्यांचा कल आणि प्रकाशस्रोताची उंची दिल्यास अपेक्षित खळ्याचे चित्र मिळते. त्याच्याशी छायाचित्र ताडून एखादा कंस कोणत्या स्फटिकांमुळे आला, हे ठरवता येते. हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांनी या विषयात नवी भरही घातली आहे. फिनलंडचे यार्मो मोइलानेन यांनी १९९५ मध्ये छायाचित्रित केलेला सूर्याच्या खळ्यातील कंस आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

## अनुकूल काळ

पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे ४ लाखांश इतकाच असतो. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्धा नसून साधारण दहावा हिस्सा असतो. त्यामुळे चंद्राची खळी मुख्यतः शुद्ध अष्टमी ते वद्य अष्टमी या काळात पाहावयास मिळतात आणि पौर्णिमेच्या आसपासचे दिवस छायाचित्रणास सर्वांत सोयीचे असतात.

महाराष्ट्रात ऐन पावसाळ्यात खालच्या थरातील दाट ढगांमुळे उंचावरील मेघ झाकले जातात. पावसाळ्याच्या आधी व नंतर गडगडाटी ढगांच्या माथ्यावरून दूरवर पसरणारे उंच मेघ, तसेच हिवाळ्यातील पातळ तंतुमेघ यांत खळी दिसतात. चंद्र दिसत आहे, त्याच्या कडा किंचित धूसर आहेत आणि केवळ ठळक तारेच दिसत आहेत, अशी स्थिती खळ्याच्या शोधास अनुकूल समजावी. हात पूर्ण लांबवून पंजा ताणल्यास अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २०° ते २२° चे अंतर भरते. अंगठा चंद्रावर धरल्यास करंगळीच्या जवळपास खळ्याची कड असते.

चंद्राची उंची ऋतूनुसार बदलते. मार्गशीर्ष व पौष महिन्यांतील पौर्णिमेचा चंद्र पुण्याच्या अक्षांशावर मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. अशा वेळी खळे पूर्ण वर्तुळाकार दिसते. प्रतिचंद्र मात्र तयार होऊ शकत नाहीत. ते पाहण्यासाठी चंद्रोदयानंतरचा किंवा चंद्रास्तापूर्वीचा काळ निवडावा लागतो. ज्येष्ठ व आषाढातील पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे बराच खाली राहतो, परंतु त्या काळात आकाश मोकळे मिळण्याची शक्यता कमी असते.

## साधने

### लेन्स

२२° त्रिज्येच्या खळ्याचा व्यास ४४° असतो. चंद्रबिंबाचा सरासरी कोनीय व्यास सुमारे ०.५२° आहे, म्हणजे खळे चंद्राच्या सुमारे ८५ पट रुंद असते. चंद्राच्या छायाचित्रणास लागणारी टेलिफोटो लेन्स येथे निरुपयोगी ठरते आणि रुंद दृष्टिक्षेत्राची, म्हणजे वाइड अँगल लेन्स लागते. ३६ × २४ मिमी आकाराच्या फुल-फ्रेम सेन्सरवर चित्राच्या आखूड बाजूचे दृष्टिक्षेत्र पुढीलप्रमाणे असते.

| फोकल लांबी | आखूड बाजूचे दृष्टिक्षेत्र | २२° चे खळे |
|---|---|---|
| १४ मिमी | ८१° | भोवती भरपूर जागा राहते |
| २० मिमी | ६२° | सहज मावते |
| २४ मिमी | ५३° | मावते |
| २८ मिमी | ४६° | जेमतेम मावते |
| ३५ मिमी | ३८° | मावत नाही |
| ५० मिमी | २७° | केवळ काही भाग येतो |

सुमारे १.५ पट क्रॉप असलेल्या एपीएस-सी सेन्सरवर हेच काम १६ मिमी लेन्सने होते. १८ मिमीवर खळे जेमतेम मावते. मोबाइल फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लांबी बहुधा २४ ते २६ मिमी समतुल्य असल्यामुळे त्यातही पूर्ण खळे येते. ४६° च्या खळ्याचा व्यास ९२° असल्याने त्यासाठी फिशआय लेन्स सोयीची असते. चंद्र डोक्यावर असताना खळे आणि जमिनीवरील दृश्य एकाच चित्रात घ्यायचे असल्यासही हीच लेन्स लागते.

साध्या वाइड अँगल लेन्समध्ये चित्राच्या कडेकडे आकृती ताणली जाते. चंद्र चौकटीच्या मध्यावर असेल तरच खळे वर्तुळाकार दिसते. तो कडेला असल्यास खळे लंबगोल होते. हा लेन्सच्या भूमितीचा परिणाम असून आकाशातील खळ्याचा आकार त्यामुळे बदलत नाही.

### इतर साहित्य

स्थिर ट्रायपॉड, शटरला हात न लावता कॅमेरा चालवण्यासाठी रिमोट किंवा २ सेकंदांचा टायमर आणि रॉ स्वरूपात चित्र साठवण्याची सोय आवश्यक असते. लेन्सवरील सपाट काचेचे फिल्टर काढून ठेवावेत, कारण चंद्राचा प्रकाश त्यांवरून परावर्तित होऊन चित्रात चंद्राची दुसरी प्रतिमा उमटू शकते. दमट हवेत लेन्सच्या काचेवर दव जमल्यास चंद्राभोवती तेजोवलयासारखी खोटी प्रभा दिसते. त्यामुळे काच मधूनमधून तपासणे गरजेचे असते.

## एक्स्पोजर

पौर्णिमेच्या चंद्रबिंबावरील तपशील टिपण्यासाठी आयएसओ १००, ॲपर्चर एफ/११ आणि १/१०० सेकंद हे प्रचलित मूल्य आहे. त्याच चंद्राच्या खळ्यासाठी आयएसओ ८००, एफ/२.८ आणि २ ते ५ सेकंद इतके एक्स्पोजर लागते. या दोहोंमध्ये सुमारे १५ स्टॉपचा फरक आहे. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होत असल्याने एकाच चित्रात चंद्राचे डाग आणि खळे दोन्ही नीट येणे व्यवहारात शक्य होत नाही. खळ्याच्या प्रामाणिक एकल छायाचित्रात चंद्र हा पांढरा, फुगलेला ठिपकाच असतो.

अष्टमीच्या सुमारास आयएसओ १६०० ते ३२०० आणि ८ ते १५ सेकंद अशी सुरुवात करता येते. मेघांची जाडी क्षणोक्षणी बदलत असल्याने ही मूल्ये केवळ प्रारंभासाठी असतात. वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे घेऊन हिस्टोग्रॅम पाहणे आणि चंद्राजवळचा छोटा भाग वगळता उर्वरित आकाश अतिप्रकाशित होऊ न देणे, हा सर्वसाधारण नियम होय.

फोकस चंद्राच्या कडेवर किंवा ठळक ताऱ्यावर करून नंतर तो मॅन्युअल स्थितीत ठेवावा. चंद्रप्रकाश हा परावर्तित सूर्यप्रकाशच असल्यामुळे व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’ ठेवल्यास खळ्याचे रंग सूर्याच्या खळ्यासारखे येतात. रात्रीचा भास व्हावा म्हणून निळसर झाक देण्याची प्रथा आहे, पण ती सौंदर्यदृष्टीची निवड आहे.

डोळ्यांना चंद्राचे खळे बहुधा पांढुरके किंवा राखाडी दिसते. मंद प्रकाशात दृष्टिपटलातील रंगसंवेदी पेशी पुरेशा उद्दीपित होत नाहीत. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र प्रकाश साठवत असल्यामुळे आतल्या कडेचा तांबूस रंग चित्रात स्पष्ट उमटतो. हा रंग आकाशात खरोखर असतो. केवळ डोळ्यांच्या मर्यादेमुळे तो जाणवत नाही.

## अडथळा ठेवून चित्रण

चंद्र एखाद्या खांबाच्या, झाडाच्या, दीपमाळेच्या किंवा शिखराच्या आड येईल अशा जागी कॅमेरा ठेवण्याची पद्धत विशेष उपयुक्त आहे. चंद्राचा थेट प्रकाश अडल्यामुळे लेन्समधील परावर्तने व चमक कमी होते आणि खळ्याचे फिकट भाग उठून दिसतात.

हीच पद्धत चाचणी म्हणूनही वापरता येते. चंद्र झाकल्यावर एखादा ठिपका किंवा कंस नाहीसा झाला, तर तो लेन्समध्ये तयार झालेला होता असे समजावे. तो कायम राहिला, तर तो आकाशातील होता. दुसरी चाचणी म्हणजे कॅमेरा थोडा वळवून पुन्हा चित्र घेणे. आकाशातील कंस चंद्राच्या व ताऱ्यांच्या संदर्भात जागच्या जागी राहतो. लेन्समधील प्रतिमा चौकटीच्या मध्यबिंदूच्या संदर्भात सरकते.

## संस्करण

खळे चंद्राशी बांधलेले असते. मेघ पुढे सरकले तरी खळे त्यांच्याबरोबर सरकत नाही. या गुणधर्माचा उपयोग करून अनेक चित्रे चंद्राच्या स्थानावर जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. मेघांचे पट्टे त्यात पुसट होत जातात, तर खळे ठळक होते. चित्रातील नॉइज हा चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ३६ चित्रांच्या सरासरीत तो एकषष्ठांश उरतो. मात्र या काळात चंद्राची उंची फार बदलल्यास कंसांचा आकारही बदलतो, म्हणून चित्रमालिका काही मिनिटांपुरतीच मर्यादित ठेवली जाते.

अतिफिकट कंस शोधण्यासाठी चित्रातील तांबडा व निळा स्तर एकमेकांतून वजा करण्याची पद्धत वापरतात. मेघ दोन्ही स्तरांत जवळपास सारखे असल्यामुळे ते मोठ्या प्रमाणात वगळले जातात आणि रंग विभागणारे कंस उरतात. असे चित्र शोधासाठी उपयोगी असते. ते आकाशाचे दृश्यरूप म्हणून सादर करणे योग्य मानले जात नाही.

## विश्वासार्हता व मोजमाप

टेलिफोटो लेन्सने स्वतंत्रपणे टिपलेला तपशीलवार चंद्र खळ्याच्या मध्यभागी बसवलेली छायाचित्रे पुष्कळ आढळतात. अशा चित्रात चंद्रावरील डाग स्पष्ट असतात आणि बिंब खळ्याच्या तुलनेत अवास्तव मोठे असते. खळ्याच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढा तपशीलवार चंद्र प्रत्यक्षात शक्य नाही, कारण खरे प्रमाण सुमारे १ : ८५ आहे. काही मोबाइल फोनमधील सॉफ्टवेअर चंद्रबिंब ओळखून त्यातील तपशील आपोआप वाढवते, हेही लक्षात घ्यावे लागते. दोन एक्स्पोजरची चित्रे योग्य प्रमाण राखून एकत्र केली असतील, तर तसा उल्लेख करणे अपेक्षित असते.

छायाचित्रावरून खळ्याची त्रिज्या मोजता येते. चंद्र चौकटीच्या मध्यावर असताना सेन्सरवरील खळ्याची त्रिज्या ही फोकल लांबीच्या सुमारे ०.४ पट असते. २४ मिमी लेन्ससाठी ती सुमारे ९.७ मिमी येते. चित्रात तारे दिसत असतील तर त्यांच्यातील ज्ञात कोनीय अंतरही पट्टीसारखे वापरता येते. उदाहरणार्थ, पुनर्वसू नक्षत्रातील दोन ठळक ताऱ्यांमधील अंतर सुमारे ४.५° आहे. मोजलेली त्रिज्या २२° पेक्षा स्पष्टपणे वेगळी आल्यास स्फटिकांचा आकार वेगळा असण्याची शक्यता असते. पिरॅमिडसारखी टोके असलेल्या स्फटिकांमुळे ९°, १८°, २०° अशा वेगळ्या त्रिज्यांची दुर्मिळ खळी पडतात आणि ती अनेकदा मोजमापामुळेच ओळखता येतात.

यासाठी छायाचित्रासोबत दिनांक, प्रमाणवेळ, ठिकाण, फोकल लांबी, एक्स्पोजर, चित्रांची संख्या व केलेले संस्करण यांची नोंद ठेवतात आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवतात. दिनांक, वेळ व ठिकाण माहीत असल्यास चंद्राची उंची नंतरही काढता येते.

## लोकसमज

खळे लांब पडले तर पाऊस जवळ आणि खळे जवळ पडले तर पाऊस लांब, असा समज भारताच्या अनेक भागांत आहे. यातील लांबचे खळे हे २२° चे खळे आणि जवळचे खळे हे तेजोवलय असावे, असा अर्थ लावता येतो. समशीतोष्ण प्रदेशांत उष्ण सीमापृष्ठाच्या आगमनापूर्वी तंतुस्तर मेघ पसरतात, त्यामुळे तेथे खळ्यानंतर पाऊस येण्याचा अनुभव वारंवार येतो. महाराष्ट्रातील पाऊस मुख्यतः मोसमी वारे व अभिसरणामुळे पडतो; म्हणून येथे केवळ खळ्यावरून पावसाचे भाकीत करणे भरवशाचे नाही. तारीखवार छायाचित्रे आणि त्यानंतरच्या पावसाच्या नोंदी शेजारी ठेवून हा समज एखाद्या ठिकाणापुरता पडताळता येतो.

## हे सुद्धा पहा

- प्रतिसूर्य
- इंद्रधनुष्य
- तंतुमेघ
- चंद्रकला
- खगोलीय छायाचित्रण